चाळीस रोपं लावली, सहा उरली. पुन्हा शेजाऱ्यांना कसं बोलावू?

'ताई, कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत अकरा सोसायट्या आणि तीन जुने बंगले आहेत. आम्ही 1988 मध्ये राहायला आलो तेव्हा रस्त्याकडेचे गुलमोहर कमरेएवढे होते. पुढे कितीतरी वर्षं आम्ही सावलीतून भाजी आणायला गेलो. आता ती सावली राहिली नाही. दोन गुलमोहर पावसात पडले, त्यातला एक शेजाऱ्यांच्या गाडीवर. मग घाबरून कमिटीने उरलेल्यांची अशी छाटणी करून घेतली की नुसते खुंट दिसतात. दोन सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या, त्यांच्या आवारातली झाडं गेली. रस्ता काँक्रीटचा झाला. गेल्या 5 जूनला आम्ही काही जणींनी पुढाकार घेऊन चाळीस रोपं लावली. फोटो झाले, चहा झाला. आज सहा जिवंत आहेत. बंगल्यातल्या एका काकांनी तर फाटकासमोरचं रोप स्वतःच्या हाताने उपटून टाकलं. त्यांच्यावर तक्रार करावी का? कोपऱ्यावर मोकळा प्लॉट आहे, तिथे मियावाकी करावं का? लवकर वाढणारं झाड कोणतं? आणि खरं सांगायचं तर, पुन्हा लोकांना हाक मारायची लाज वाटते. काय करू?'

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बरंच विचारलंय, पण मी अडकले ते 'आज सहा जिवंत आहेत' या वाक्यापाशी. ती सहा कुणी जगवली? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. वृक्षारोपण झालं की वर्षभराने आपण मेलेली रोपं मोजतो आणि खचतो. जगलेल्या रोपामागे कोण उभं होतं हे बघायचं राहूनच जातं. पुण्यात रस्त्याकडेचं रोप पहिल्या उन्हाळ्यात कुणी पाणी घातल्याशिवाय तगत नाही. म्हणजे तुमच्या गल्लीत अशी चार-पाच माणसं नक्की आहेत, ज्यांनी कुणी न सांगता, कुठल्याही ग्रुपवर फोटो न टाकता, एप्रिल-मेच्या उन्हात बादल्या वाहिल्या. एखाद्या सोसायटीच्या वॉचमनची बायको असेल, इस्त्रीवाले दादा असतील, तळमजल्यावरच्या आजी असतील. आधी त्यांना शोधून काढा. सहाही रोपांपाशी एकेक संध्याकाळ थोडा वेळ थांबलात तरी कळेल.

त्यांच्याकडे जाताना लाज वाटण्याचं कारणच नाही, कारण तुम्ही मागायला जात नाही, आभार मानायला जाताय. तुमचा खरा गट हाच. कमिटीचे पदाधिकारी नंतर, नगरसेवक त्याहून नंतर.

आता चौतीस रोपं का गेली ते नीट पाहू. तुमच्या पत्रात लोकांच्या उदासीनतेबद्दल बरंच वाईट वाटून घेतलंय आणि मला ते पटत नाही. हिशेब साधा आहे. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा एकेक मोठी बादली, म्हणजे पंधरा-वीस लिटर, पाणी लागतं. रोज तांब्याभर शिंपडून उपयोग नाही. त्याने वरची माती ओली होते, मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला की रोप मान टाकतं. चाळीस रोपं म्हणजे आठवड्याला ऐंशी बादल्या, फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत. हे पाणी कोण, कुठून, कसं आणणार, हे 5 जूनला कुणी विचारलं नसेल. जूनमध्ये पाऊस पाणी घालतो, ऑक्टोबरपर्यंत सगळी रोपं हिरवीगार असतात, सगळ्यांना वाटतं लागली. नेमकी मेमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि ज्या घरांनी जबाबदारी घेतलेली असते ती गावी जातात.

म्हणून रोपं मोजण्याआधी पाणी घालणारी माणसं मोजा. प्रत्येक झाडाला दोन घरं हवीत, एक गावी गेलं की दुसरं असावं, आणि त्या दोन घरांच्या दारातून किंवा बाल्कनीतून ते झाड दिसायला हवं. रोज नजरेला पडणारं झाड विसरलं जात नाही. अशी घरं बारा मिळाली तर यंदा सहाच झाडं लावा. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुणी मिळालं नाही तर ते टोक एक वर्ष उघडं राहू दे. वॉचमनने पाणी घालावं असं ठरत असेल तर त्याला त्याचे वेगळे पैसे द्या आणि ते मेंटेनन्समध्ये सरळ लिहा. त्याच्या पगारात न बसणारं काम त्याच्यावर ढकललं तर ते होत नाही, आणि झालं नाही म्हणून त्याला बोलणं अन्यायाचं आहे.

पाण्यावरून वाद होईल. गुरुवारी नळ बंद असताना झाडाला पाणी घालताना कुणी दिसलं की कुणीतरी बोलणारच, आणि त्यांचं बोलणं चुकीचं नाही. पिण्याचं पाणी वापरू नका. सोसायटीची बोअर असेल तर ती, सांडपाण्याचा प्रक्रिया प्रकल्प असेल तर त्याचं पाणी, एसीचं ठिबकणारं पाणी, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी क्षारयुक्त असतं, ते रोज एकाच झाडाला घालू नका.

आणि खड्डे. कोथरूडला वर वीतभर माती असते, खाली मुरूम. सोसायटीच्या भिंतीलगत तर बांधकामाच्या वेळचा राडारोडाच पुरलेला असतो. त्यात पहारीने फूटभर भोक पाडून रोप बसवलं की त्याची मुळं कुंडीत असल्यासारखी तिथेच फिरत राहतात. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असा खड्डा मेमध्येच घेऊन उन्हात तापू द्या. निघालेला राडारोडा पुन्हा आत जाऊ देऊ नका. चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरा. रोप पाच-सहा फुटी, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचं घ्या. लावताना काळी पिशवी पूर्ण काढा. हे सांगावं लागतं, कारण मेलेली रोपं उपटली की पुष्कळदा पिशवीसकट हातात येतात. तुमच्या चौतीसांपैकी काही अजून जागेवर असतील तर उपटून बघा, बरंच कळेल. पिशवीत गोल फिरलेली मुळं बोटांनी सैल करा, खोडाचा मातीलगतचा भाग पुरू नका, बांबूला सुतळीने सैल बांधा, आळं करा आणि त्यात वितभर पालापाचोळा पसरा. उन्हाळ्यात त्या पाचोळ्याने आळ्यातला ओलावा टिकतो आणि बादल्यांचा हिशेब सोपा होतो. पदपथ महापालिकेचा असल्याने खणण्याआधी क्षेत्रीय कार्यालयातून उद्यान विभागाला विचारा. खालून पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेची केबल कुठून गेली आहे तेही तिथेच कळेल.

पण नव्या रोपांच्या आधी तुमचे ते खुंट झालेले गुलमोहर. पत्रात तुम्ही ते गेल्यात जमा धरले आहेत. मी तसं धरणार नाही. नव्या रोपाला सावली द्यायला दहा-बारा वर्षं लागतील. जुनं झाड सावरलं तर दोन-तीन पावसाळ्यांत डोक्यावर पानं येतात. गल्लीचं छत्र परत आणायचं तर पहिली मेहनत उभ्या झाडांवर करायला हवी, आणि तिला पाणी फार लागत नाही, पहार लागते.

झाडाची खायची-प्यायची मुळं खोलवर नसतात. बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत, आडवी, फांद्यांच्या विस्ताराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. रस्ता काँक्रीटचा करताना ठेकेदार बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आणून भिडवतो आणि झाड हळूहळू गुदमरतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश दिल्लीपुरता असला तरी माप तुम्हाला उपयोगी आहे. उद्यान विभागाला आणि पथ विभागाला एकच पत्र द्या, प्रत्येक झाडाचा फोटो जोडा आणि एक मीटर मोकळं करून मागा. काम हाताने व्हायला हवं. जेसीबी लावला तर मोकळं करण्याच्या नादात मुळंच तुटतील. मोकळ्या झालेल्या जागेत माती आणि पाचोळा घाला. हौसेने कट्टा बांधून बुंध्याला चिकटून माती भरू नका, त्याने साल कुजते.

त्याच फेरीत खिळे, जाहिरातींच्या पाट्या, लायटिंगच्या माळा, सालीत रुतलेल्या तारा आणि जुने ट्री गार्ड काढून टाका. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 'अंघोळीची गोळी' या संस्थेच्या तरुणांनी झाडांमधले खिळे उपटण्याची मोहीम चालवली. तुमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या मुलांना हे काम द्या. रविवारची एक सकाळ पुरते, हातात काहीतरी ठोस पडतं आणि मुलं पुढच्या वेळी आपणहून येतात.

छाटलेल्या गुलमोहराला आता खुंटापाशी झुबक्याने फुटवे येत असतील. ते सगळे वाढू दिले तर पुढे जड होतात आणि सांध्यापाशी मोडतात. उद्यान विभागाच्या माणसाला बोलावून प्रत्येक जागी एक-दोन दमदार फुटवे ठेवून बाकीचे काढून घ्या. इथून पुढे छाटणी करताना दोन गोष्टींवर अडून बसा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून कापायची, मध्येच नाही. आणि विजेच्या तारांसाठी एकच बाजू साफ करून झाड लंगडं करायचं नाही.

आता ज्यांच्या गाडीवर झाड पडलं त्या शेजाऱ्यांकडे जा. त्यांची भीती खरी आहे आणि 'झाडं आपले मित्र' वगैरे सांगून ती जाणार नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात पुण्यातही कितीतरी झाडं पडली, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना सांगा की झाड बहुतेकदा आधी इशारे देतं आणि आपण ते बघायला शिकणार आहोत. दर मे महिन्यात गल्लीतल्या प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्याशी आळंब्या उगवल्या आहेत का, खोडात पोकळी आहे का, वर्षभरात झाड नव्याने कललं आहे का, कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमीन उचलली गेली आहे का, वाळकी जड फांदी रस्त्यावर आहे का. शंका आली की लेखी अर्ज. या फेरीत त्या शेजाऱ्यांनाच पुढे ठेवा, त्यांच्याइतकं बारकाईने दुसरं कुणी बघणार नाही. एखादं झाड खरोखर धोकादायक निघालं तर ते रीतसर परवानगीने काढायला तुम्हीही पाठिंबा द्या. झाडांच्या बाजूची माणसं धोक्याचं झाडसुद्धा सोडत नाहीत, असं एकदा गल्लीला वाटलं की पुढे कुणी तुमचं ऐकणार नाही.

तुमचे दोन गुलमोहर का पडले तेही शोधा. पडण्याआधीच्या वर्षी त्या बाजूने केबलसाठी किंवा पाइपसाठी चर खणला होता का? बुंध्यालगत चर गेला की त्या बाजूची आधाराची मुळं कापली जातात. झाड वर हिरवं दिसत राहतं आणि पुढच्या वादळी पावसात आडवं होतं. दोष झाडाच्या माथी बसतो. पुढच्या वेळी खोदाईवाले आले की त्यांना बुंध्यापासून लांबून किंवा मुळांच्या खालून पाइप सरकवून न्यायला सांगा. दिवसा घरी असणाऱ्या माणसांकडे उद्यान विभागाचा आणि क्षेत्रीय कार्यालयाचा नंबर असू द्या, कारण चर दोन तासांत खणून होतो.

दुसरी तक्रार पानांची. गच्चीवर पानं, पन्हळी तुंबतात, पावसाचं पाणी साचतं, झाडून झाडून कंबर मोडते. हे बोलणाऱ्यांना पर्यावरणाचे शत्रू समजू नका. त्या कामाचा भार कुणावर पडतो ते बघा. बहुतेक वेळा तो पहाटे रस्ता झाडणाऱ्या ताईंवर पडतो. ढीग न्यायला जागा नसते, म्हणून पाचोळा पेटवला जातो आणि धूर वरच्या मजल्यापर्यंत जातो. घनकचरा नियमांनुसार रस्त्यावर कचरा जाळता येत नाही, पण नियम दाखवून ताईंना दम देण्याने ढिगाचं काय होणार? कोपऱ्यावर चार खांब रोवून जाळीचा एक पिंजरा करा, साधारण चार फूट रुंद आणि तेवढाच उंच. पानं त्यात टाका, अधूनमधून शेण कालवलेलं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा, कोरडं पडू देऊ नका. काही महिन्यांत खत तयार होतं. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राऊन लीफ' या उपक्रमातून पाचोळा नको असलेली घरं आणि पाचोळा हवा असलेले बागवाले एकमेकांना सापडतात. तुमच्या नव्या आळ्यांना आच्छादन लागणारच आहे, म्हणजे निम्मा पाचोळा गल्लीतच जिरेल. गच्चीच्या पन्हळींना जाळ्या बसवण्याचा खर्च सगळ्यांनी मिळून करा आणि पावसाच्या आधी गच्च्या साफ करायचा एक दिवस ठरवा. या कामाचा झाड लावण्याशी संबंध नाही असं वाटेल, पण गच्ची तुंबायची थांबली की झाडाविरुद्धची निम्मी कुरबूर थांबते.

लवकर वाढणारं झाड कोणतं, असं तुम्ही विचारता. मी सांगेन, तो निकषच सोडा. जे भराभर वाढतं त्याचं लाकूड बहुधा ठिसूळ असतं. सुबाभूळ, गिरिपुष्प, पिचकारी, कोनोकार्पस ही नावं नर्सरीवाला सुचवेल, नको म्हणा. कोनोकार्पसवर तर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली. आहे ते गुलमोहर सांभाळा, ते मादागास्करहून आले म्हणून तोडायचं काहीच कारण नाही. पण नवीन लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये, नेमकं ऊन चढतं तेव्हा, गुलमोहराच्या अंगावर पान नसतं. रस्त्यासाठी झाड निवडताना फुलांपेक्षा हे बघायचं की फेब्रुवारी ते मे त्याच्यावर पानं किती असतात.

या कसोटीवर माझं पहिलं मत करंजाला. मार्चच्या सुमारास जुनी पानं गळतात आणि लगेच पोपटी, चकचकीत पालवी येते. एप्रिलच्या दुपारी त्याच्याखाली दाट, थंड सावली असते. मुरमाड जमीन सोसतं, पाणी कमी पडलं तरी तगतं. कडुनिंबाचंही तसंच, गुढीपाडव्याला आपण त्याची कोवळी पानं खातो ती याच पालवीची. बकुळ आणि पुत्रंजीव बारा महिने हिरवे. बकुळ सावकाश वाढते, पण अरुंद पदपथावर तिच्याइतकं शहाणं झाड नाही. ताम्हण जरूर लावा, आपलं राज्यफूल आहे आणि ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं, मात्र त्याची सावली बेताचीच. बहावा एप्रिल-मेमध्ये पानं टाकून फुलतो, तेव्हा तो नजरेसाठी लावायचा, दुपारच्या सावलीची अपेक्षा त्याच्याकडून नको. जांभूळ गाड्यांवर नको, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात हवं. विजेच्या तारांखाली कांचन, आपटा, पारिजातक असं बुटकं काहीतरी लावा, म्हणजे दरवर्षी करवत चालणार नाही. सप्तपर्णीची रांग लावू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या उग्र वासाने खिडक्या बंद कराव्या लागतात आणि मग सगळ्याच झाडांबद्दल मन कलुषित होतं. खोटा अशोक आणि बॉटल पाम कंपाउंडलगत शोभेला छान दिसतात, पण त्यांच्याखाली कुणी उभं राहू शकत नाही. त्यांना तुमच्या मोजणीत धरू नका.

सगळीकडे एकच झाड मात्र नको, करंजसुद्धा. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण या किडीचा प्रादुर्भाव झाला तेव्हा रस्त्यांच्या रस्त्यांवर ती एकाच जातीची भली मोठी झाडं वाळत गेली. गल्ली लहान असली तरी पाच-सहा जाती असू द्या.

मियावाकीबद्दल थोडक्यात. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची ही पद्धत उघड्या जमिनीवर दाट रान उभं करण्यासाठी आहे. एका चौरस मीटरमध्ये तीन ते पाच रोपं लावतात, जमीन आधी खोलवर तयार करावी लागते, पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी लागते. पक्ष्यांना ते आवडतं. पण त्यात माणूस शिरू शकत नाही आणि त्याची सावली तुमच्या रस्त्यावर येत नाही. तुम्हाला गेलेली सावली परत हवी आहे ना? मग त्या कोपऱ्यावर एक वड किंवा नांदरूक, जोडीला वावळ आणि कदंब, एवढंच लावा आणि मध्ये बसायला जागा ठेवा. वड-पिंपळाला पसरायला जागा लागते आणि ती गल्लीत नसते, इथे आहे. आधी प्लॉट कुणाच्या नावावर आहे ते मात्र बघून घ्या. उद्या तिथे बांधकाम येणार असेल तर कष्ट वाया जातील.

आता पुनर्विकास. तुम्ही त्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, पण गल्लीची सगळ्यात जास्त झाडं इथून पुढे त्यातच जाणार आहेत. अकरापैकी दोन सोसायट्या गेल्या, बाकी नऊंच्या बैठका आज ना उद्या सुरू होतील. बिल्डरशी बोलताना आपण चटईक्षेत्र, भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारा निधी, पार्किंग यावर महिनोन् महिने घासाघीस करतो आणि झाडांचा विषय करार झाल्यावर, फांदीला करवत लागल्यावर काढतो. तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. सोसायटीची ताकद विकास करारनाम्यावर सही होण्याआधी असते. तेव्हाच नकाशावर प्रत्येक झाड दाखवून घ्या, कोणती राहणार ते लिहून घ्या, बांधकामाच्या काळात त्यांच्याभोवती कुंपण राहील आणि बुंध्याशी सिमेंट कालवलं जाणार नाही हे लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाची मागणी म्हणजे कंपाउंडलगत निदान सहा फूट रुंद खऱ्या जमिनीची पट्टी, जिच्याखाली तळघरातलं पार्किंग नसेल. हल्ली पार्किंग पार हद्दीपर्यंत खणलं जातं, वर फूटभर माती टाकून लॉन करतात, आणि मग त्या जागेत मोठं झाड कधीच होऊ शकत नाही.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो माहीत करून घ्या. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा अधिनियम आहे आणि 2021 मध्ये त्यात मोठे बदल झाले. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड आता 'हेरिटेज ट्री' ठरतं. झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्या झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावावी लागतात. ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग, म्हणजे नकाशावर नेमक्या जागेची नोंद, हवं आणि सात वर्षं देखभाल हवी. म्हणजे तुमच्यासमोर वाढलेल्या एका गुलमोहरामागे तीसहून जास्त रोपांची जबाबदारी येते. ती रोपं शहराबाहेर कुठेतरी लावून मोकळं होण्याकडे कल असतो. करारातच आग्रह धरा की जितकी बसतील तितकी याच गल्लीत लागली पाहिजेत आणि सात वर्षांच्या पाण्याचा खर्च बिल्डर देईल. तोडण्यासाठी अर्ज झाला की झाडावर नोटीस लागते आणि हरकत घेता येते. ती नोटीस वाचायची सवय गल्लीला लावा. या एका विषयासाठी बाकीच्या नऊ सोसायट्यांच्या सचिवांना एकत्र बसवा आणि करारात घालायचा एकच मजकूर तयार करून सगळ्यांना द्या. माझ्या मते यंदाचं तुमचं सर्वांत मोठं काम हेच, लागवड त्यानंतर.

लोकांना पुन्हा हाक कशी मारायची? सभा नको. सभेत पार्किंगचा विषय निघतो आणि ती तिथेच संपते. दोघी-दोघी दारोदार जा आणि एकच प्रश्न विचारा, 'तुमच्या खिडकीतून किती झाडं दिसतात?' वनशास्त्रज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी 2021 मध्ये शहरांसाठी एक सोपी मोजपट्टी मांडली. प्रत्येक घरातून तीन तरी झाडं दिसावीत, वस्तीवर तीस टक्के छत्र असावं आणि तीनशे मीटरच्या आत बाग असावी. यातला तीन झाडांचा भाग तुम्ही एका रविवारी कागदावर उतरवू शकता. लोक खिडकीपाशी येतात, बघतात, मोजतात, आणि आधी तिथे काय होतं ते सांगायला लागतात. कुठल्या घरातून एकही झाड दिसत नाही हे त्या कागदावर दिसलं की पुढचं झाड कुठे हवं तेही ठरतं, आणि त्याला पाणी घालायला कोण तयार होईल तेही बऱ्याचदा त्याच दारात कळतं.

राहिले बंगल्यातले काका. तक्रार करू नका. कुणी मोठ्या झाडाच्या बुंध्यात ॲसिड ओतलं, साल सोलली, रात्रीतून करवत चालवली, तर अजिबात संकोच न करता उद्यान विभागाकडे आणि पोलिसांकडे जा. झाडांच्या त्या 1975 च्या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच मोडतं. पण इथे एक रोप होतं, आणि ते त्यांना न विचारता त्यांच्या फाटकासमोर लावलं होतं. गाडी आत घेताना आड येत असेल, ड्रेनेजचं चेंबर तिथेच असेल, किंवा पूर्वीच्या एखाद्या झाडाच्या मुळांनी त्यांची भिंत तडकली असेल. जाऊन विचारा. एकट्या जाऊ नका, पण घोळका घेऊनही नको. ज्यांना ते लहानपणापासून ओळखतात अशा कुणाला तरी बरोबर न्या. 'काका, ते रोप तुम्हाला नको होतं, आम्ही विचारायला हवं होतं. तुमच्या बाजूला झाड कुठे चालेल?' एवढं विचारा आणि ते सांगतील ते पूर्ण ऐकून घ्या, भिंतीचा तडा दाखवत असतील तर तो बघा.

कुठेच चालणार नाही म्हणाले तर फाटकासमोरची जागा मोकळी सोडा आणि दुपारी त्यांच्या फाटकावर ऊन कुठून येतं ते बघा. ते पश्चिमेकडून येत असेल तर त्यांच्या भिंतीपासून आठ-दहा फूट लांब, पश्चिमेच्या बाजूला, पलीकडच्या सोसायटीच्या हद्दीत करंज लावा. ज्या दोन घरांनी पाण्याची जबाबदारी घेतली असेल, त्यांची नावं काकांनाही सांगून ठेवा.